मुळांची सोबतीण बुरशी

माघ पौर्णिमेला आपण सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या यात्रेला जातो, तेव्हा वाटेवरच्या जंगलाला स्फुरद कोण देतं? तिथे खताची गोणी पोहोचत नाही. बरंचसं काम करते मुळांत राहणारी बुरशी, मायकोरायझा. मुळं पोहोचत नाहीत तिथवर तिचे केसाहून बारीक तंतू जातात, स्फुरद आणि जस्त आणतात. बदल्यात झाड तिला साखर देतं. ही भागीदारी सुमारे 40 कोटी वर्षांची आहे.

धानाच्या बांधीत मात्र पाणी साचतं, हवा कमी पडते आणि ही बुरशी मागे हटते. म्हणून तिला संधी द्यायची ती पऱ्ह्यांच्या वाफ्यात, रोवणीआधी. धुऱ्यावरची तूर आणि धानानंतरची लाखोळी, हरभरा ही तिची आवडती पिकं. जिवंत मुळाशिवाय ती वाढत नाही, त्यामुळे पडीक जमिनीत तिची संख्या घटते. मोहरी, कोबीशी तिचं जमत नाही.

मायकोरायझाचं खत आणाल तर ते मुळांजवळच पडू द्या. मुख्य म्हणजे माती परीक्षण करा आणि गरज नसताना स्फुरद टाकू नका. स्फुरद जास्त झालं, की पीक या सोबतिणीला मुळाशी थारा देत नाही.