थेट विक्रीचे मोबाइल अ‍ॅप आणि कामगाराचे घर

(पाटन, जिल्हा जबलपूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या कौटुंबिक मेळाव्यात एका निवृत्त आर. एम. एस. सॉर्टरने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सभांत महागाई भत्ता, पेन्शन आणि रिक्त जागा यांवर बोलले जाते. आज मला ज्या विषयावर बोलायला सांगितले आहे तो ऐकून काही जण हसले. मोबाइलचे अ‍ॅप हा आपला विषय कसा, असे एका जुन्या सहकाऱ्याने मला विचारलेही. मी त्यांना एवढेच म्हटले, "भाऊ, तुमच्या घरी कुणी साबण, चहा, प्रथिनांची पावडर विकते का?" ते गप्प झाले. वहिनी विकत होत्या.

आपल्या किती घरांत आज हा उद्योग चालतो ते हात वर करायला न सांगताही मला ठाऊक आहे. कंपनीचा माल दुकानात न ठेवता ओळखीच्या माणसांना घरोघर जाऊन विकायचा, याला थेट विक्री म्हणतात आणि विकणाऱ्याला वितरक किंवा डिस्ट्रिब्युटर. या धंद्यातील कंपन्यांच्या संघटनेच्या अहवालानुसार २०२२-२३ या वर्षी देशात २१ हजार २८२ कोटी रुपयांची थेट विक्री झाली आणि वितरक होते सुमारे ८६ लाख. आकडा ऐकून छाती दडपते. पण आपण हिशेबाची माणसे आहोत, भागाकार करू. एका वितरकाच्या वाट्याला वर्षाची विक्री येते पावणेपंचवीस हजार रुपयांच्या आसपास, म्हणजे महिन्याला दोन हजारांहून थोडी अधिक. लक्षात घ्या, ही विक्री आहे, कमाई नव्हे. कमाई तिच्यातला एक हिस्सा. ही सरासरी आहे हे खरे. कुणी फार विकतो, कुणी काहीच नाही. पण व्यासपीठावर ज्याला हार घालतात त्याच्याकडे न बघता आपण सरासरी माणसाकडे बघायला शिकले पाहिजे.

माझ्या घरची गोष्ट

माझी धाकटी सून येथे पाटनला राहते. तीन वर्षे ती आणि तिच्या पाच मैत्रिणी एका कंपनीचा माल विकत होत्या. कंपनीचे नाव घेत नाही, त्याची गरज नाही. आधी सूनबाईची एक वही होती. कुणी काय नेले, पैसे दिले की उधार, पुढच्या महिन्यात कुणाकडे जायचे, सारे तिच्यात. मग कंपनीचे अ‍ॅप आले आणि वही माळ्यावर गेली. अ‍ॅपमध्ये गिऱ्हाइकांची नावे भरली, फोन नंबर भरले. सोय झाली, नाही म्हणत नाही. पुढे वरच्या साखळीतल्या बाईंशी मतभेद झाले आणि सूनबाईचे खाते बंद झाले. दुसऱ्या दिवशी अ‍ॅप उघडेना. तीन वर्षांची गिऱ्हाइके गेली आणि ११ हजार ४०० रुपयांची उधारी कुणाकडे किती, याचा कागद उरला नाही. ती माझ्यासमोर रडली नाही. फक्त म्हणाली, "बाबा, माझी वही मी स्वतःच्या हाताने दुसऱ्याला देऊन बसले."

माझा भाचा जबलपूरला संगणकाचे काम करतो. त्याला मी म्हटले, या बायकांसाठी यांची स्वतःची वही मोबाइलवर करून दे. चार महिने तो रविवारी येत राहिला. त्यात जे मी शिकलो तेच आज सांगतो.

दोन गेज, एक वाघीण

पहिला प्रश्न फोनचा. पाच जणींकडे अँड्रॉइड होते, एकीला मुलाने आयफोन दिलेला. एकासाठी केलेले अ‍ॅप दुसऱ्यावर चालत नाही. असे का, हे मला भाच्याने समजावले ते मला कळेना; मग मीच त्याला समजावले. आपल्या जबलपूरला ब्रॉडगेज होती, रुळांतले अंतर साडेपाच फूट. गोंदियाकडून येणारी सातपुड्यातली गाडी नॅरोगेजची, अडीच फुटांची, ती हाऊबाग स्टेशनला यायची. एका गेजवरचा माल दुसऱ्या गेजवर न्यायचा म्हणजे हमालांनी उतरवायचा आणि पुन्हा भरायचा. वेळ दुप्पट, मजुरी दुप्पट, फूटतूट वेगळी. अँड्रॉइड आणि आयफोन हे असेच दोन गेज आहेत. पूर्वी दोन्हींसाठी दोन वेगळी अ‍ॅप्स लिहावी लागत. २०१५ साली फेसबुकने रिअ‍ॅक्ट नेटिव्ह खुले केले आणि २०१८ च्या अखेरीस गूगलने फ्लटरची पहिली स्थिर आवृत्ती आणली, तेव्हापासून एकदाच लिहून दोन्हींवर चालवणे पुष्कळ सोपे झाले. वाघीण एकच, खालची चाके तेवढी दोन प्रकारची.

अर्थात सगळे फुकट होत नाही. कॅमेरा, पावती छापायचे छोटे यंत्र, फोनमधली सूचना, अशा ठिकाणी दोन्हींकडे थोडे वेगळे काम करावेच लागते. अ‍ॅप दुकानात ठेवायचे शुल्कही आहे : गूगल एकदाच २५ डॉलर घेते, अ‍ॅपल दरवर्षी ९९ डॉलर. सहा बायकांच्या गटाला दरवर्षीचा हा खर्च जड. म्हणून भाच्याने आधी अँड्रॉइडवर सुरू केले आणि आयफोनवाल्या वहिनींना ब्राउझरमध्ये उघडणारे पान दिले. दोन्हीकडे मूळ हिशेब एकच.

रजिस्टरचा नंबर आणि बी. ओ. जर्नल

दुसरा प्रश्न नेटवर्कचा. गावात चालते, शेताच्या बाजूला गेले की जाते. मटारच्या हंगामात बायका तोडणीला शेतावर असतात आणि तिथेच विक्रीही होते. नेटवर्क नाही म्हणून नोंद नाही, असे अ‍ॅप काय कामाचे? म्हणून नोंद आधी फोनमध्ये आणि नेटवर्क आले की मध्यवर्ती ठिकाणी, अशी व्यवस्था केली. टपालवाल्यांना हे नवे नाही. २०१७ पासून आपल्या शाखा डाकघरांत 'दर्पण'ची यंत्रे आली, तेव्हा नेटवर्क नसताना करायचे आणि नंतर पाठवायचे हा अनुभव आपण घेतला आहे.

पण यात एक खोच आहे. नोंद पाठवताना मध्येच लाइन तुटली तर फोन पुन्हा पाठवतो आणि एकाच विक्रीच्या दोन नोंदी होतात. पहिल्या आठवड्यात नेमके हेच झाले. एका गिऱ्हाइकाच्या नावावर ३४० ऐवजी ६८० रुपये उधारी दिसू लागली. तेव्हा मी भाच्याला विचारले, रजिस्टर पत्रावर नंबर कशाला असतो? बॅग दोनदा उघडली तरी त्या नंबराचे पत्र एकच असते. त्याने प्रत्येक नोंदीला फोनमध्येच स्वतंत्र नंबर देण्याची सोय केली. तोच नंबर पुन्हा आला तर मध्यवर्ती ठिकाणी दुसरी नोंद होत नाही. आणि पोच मिळेपर्यंत फोनमधली नोंद पुसली जात नाही, जशी सही मिळेपर्यंत आपण बॅगची जबाबदारी सोडत नाही.

तिसरी गोष्ट खोडाखोडीची. चुकीची नोंद पुसण्याची सोय मी ठेवू दिली नाही. चूक झाली तर उलटी नोंद करायची आणि कारण लिहायचे. ज्याने बी. ओ. जर्नल लिहिले आहे त्याला कारण सांगायला नको.

चौथी गोष्ट गिऱ्हाइकाची. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट भगिनी १९७२ पासून आपल्या पोस्टांत पैसे भरतात. त्यांच्या कामात ठेवीदाराकडे एक कार्ड असते, पैसे दिले की त्यावर सही होते. म्हणजे हिशेब दोन्ही हातांत असतो. आमच्या अ‍ॅपमध्येही प्रत्येक विक्रीनंतर गिऱ्हाइकाला संदेश जातो : काय घेतले, किती दिले, किती बाकी. भाषा हिंदी किंवा मराठी, ज्याला जी हवी ती. आणि महिन्यातून एकदा सारी वही कागदावर छापून घेता येते. ही शेवटची सोय सूनबाईने मागून घेतली.

हातात काय उरले?

आता मुख्य मुद्दा. कंपन्यांच्या अशा अ‍ॅपमध्ये पहिल्या पानावर काय दिसते? तुमचे गुण, तुमची पायरी, तुमच्या खाली किती माणसे, पुढच्या पायरीला किती कमी. वितरकाचा खर्च कुठेच दिसत नाही. आमच्या अ‍ॅपच्या पहिल्या पानावर एकच आकडा ठेवला : हातात काय उरले. पहिल्या महिन्यात एका भगिनीची विक्री ६,२०० रुपये झाली. तिचा वाटा १,२४० रुपये. त्यातून जबलपूरला जाण्यायेण्याचे ४८० गेले, फोनचे २९९ गेले, नमुने म्हणून फुकट वाटलेल्या मालाचे २६० गेले. उरले २०१ रुपये. महिनाभर फिरण्याचे २०१ रुपये! तिचे यजमान गँगमन. रात्री त्यांनी तो आकडा पाहिला आणि दोघेही बराच वेळ बोलले नाहीत.

"मग खाली माणसे जोडा," असे वरून सांगतात. हेही मोजू. प्रत्येकाने फक्त पाच जण जोडायचे. पाचांचे पंचवीस, पंचविसांचे सव्वाशे. नवव्या पायरीपर्यंत एकूण माणसे होतात २४ लाख ४१ हजार ४०५. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या होती २४ लाख ६३ हजार २८९, तान्ह्या मुलांसह. म्हणजे नऊ पायऱ्यांत जिल्हा संपतो आणि शेवटच्या पायरीवरच्या साडेएकोणीस लाखांना माल विकायला कुणी उरतच नाही. म्हणून आमच्या अ‍ॅपमध्ये माणसे जोडल्याचा हिशेबच नाही. जो माल खऱ्या गिऱ्हाइकाने घेतला तोच लिहायचा.

कायदा काय सांगतो

बंधू-भगिनींनो, कायदा येथे आपल्या बाजूने आहे, पण तो वाचला पाहिजे. माणसे जोडण्यावर पैसे फिरवणाऱ्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. २८ डिसेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने थेट विक्रीचे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार वितरक होण्यासाठी प्रवेश शुल्क घेता येत नाही, लेखी करार करावा लागतो, आणि न विकलेला माल वाजवी अटींवर परत घेण्याची व्यवस्था कंपनीने ठेवायची आहे. वितरकानेही ओळखपत्र जवळ बाळगायचे, आधी विचारून मगच कुणाच्या घरी जायचे आणि मालाची खरी माहिती द्यायची. तक्रार आली तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ कामकाजी तासांत पोच दिली पाहिजे. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तो आजच फोनमध्ये लिहून ठेवा.

दुसरा कायदा आपल्या स्वतःच्या नोकरीचा. रेल्वे सेवा (आचरण) नियम १९६६ आणि केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम १९६४, दोन्हींतला नियम १५ वाचा. परवानगीशिवाय व्यापार करता येत नाही. घरातले कुणी धंदा किंवा कमिशन एजन्सी चालवत असेल तर ते कळवावे लागते, आणि त्या एजन्सीसाठी आपण प्रचार करायचा नाही. ग्रामीण डाक सेवकांचे नियम स्वतंत्र आहेत, ते शाखेकडून घेऊन वाचा. बायकोच्या मालाचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकणे हाही प्रचार ठरू शकतो, हे ध्यानात ठेवा. दोनशे रुपयांसाठी तीस वर्षांच्या नोकरीवर आरोपपत्र ओढवून घेऊ नका. घरच्या माणसाच्या धंद्याची माहिती लेखी कळवा आणि पोच ठेवा. यात लपवण्यासारखे काही नाही.

आणि कंपनीच्या माणसाला पगार, रजा, भविष्यनिर्वाह निधी असतो. वितरकाला यांतले काही नाही. अ‍ॅप मात्र तिला रोज नोकरासारखे लक्ष्य देते, रात्री दहालाही आठवण करून देते. जबाबदारी नोकराची आणि हक्क कुणाचेच नाहीत, ही गोष्ट संघटनेने ओळखली पाहिजे. कामगाराच्या घरात दिवसभर राबणारी ही भगिनीही कामगारच आहे.

आपण काय करावे

मी सांगतो ते फार मोठे नाही. कंपनीचे अ‍ॅप वापरत असाल तर वापरा, पण आपली वही वेगळी ठेवा, कागदाची असली तरी चालेल. अ‍ॅपने फोनमधली सगळी नावे मागितली तर देऊ नका. ती शेजाऱ्यांची नावे आहेत, आपली मालमत्ता नव्हे. दर महिन्याला खर्च वजा करून उरलेला आकडा नवराबायकोने एकत्र बसून पाहावा. आणि शाखांनी पगाराच्या आठवड्यात एक संध्याकाळ या हिशेबासाठी ठेवावी. आमचे अ‍ॅप कुणाला हवे असेल तर भाचा ते फुकट देईल, फक्त वापरायला कुणी तरी तुमच्याकडचे शिकून घ्यावे लागेल.

आमच्या सहा जणींपैकी दोघींनी हा धंदा सोडला. तिघी थोडा माल ठेवतात, जो खरोखर खपतो तेवढाच, आणि नमुने फुकट वाटणे त्यांनी बंद केले. सूनबाई आता कंपनीचा माल विकत नाही. तिने गेल्या हिवाळ्यात पापड आणि बड्या केल्या, आणि त्याच अ‍ॅपमध्ये त्यांचा हिशेब ठेवला. फार मिळाले असे नाही. पण बुडालेल्या उधारीपैकी निम्मी माणसे तिने आठवून आठवून पुन्हा लिहून काढली, आणि त्यांतल्या बहुतेकांनी स्वतःहून पैसे आणून दिले. ती माणसे कंपनीची नव्हती, तिची होती.