घरपट्टीचं बिल भरण्याआधी एकदा वाचा

आजचा विषय आहे घरपट्टी. थांबा, स्किप करू नका. यात तुमच्या घरचे खरे पैसे आहेत.

आमचा फ्लॅट पुण्यात, सिंहगड रोडला. 2020 साली घेतलेला. बिल आलं की आई म्हणायची, "भरून टाक गं." मी फोन काढायचे आणि भरून टाकायचे. बिल उघडून कधी वाचलंच नाही. मग एकदा खालच्या मजल्यावरच्या काकांशी बोलणं झालं. फ्लॅट तेवढाच, राहतातही स्वतःच, पण बिल आमच्यापेक्षा बरंच कमी. काका म्हणाले, "अगं, पीटी-3 दिला होता का तुम्ही?" मी म्हटलं, "ते काय असतं?"

तर ऐका. पुणे महापालिकेत स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्याला करयोग्य मूल्यात 40 टक्के सवलत मिळते. ही 1970 पासूनची. मध्ये ती बंद झाली होती, 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली. पण ज्या घरांची पहिली आकारणी 1 एप्रिल 2019 नंतर झाली, त्यांना पीटी-3 अर्ज द्यावा लागतो. नाही दिला, तर पूर्ण आकारणी.

आता गणित बघा. सवलत नाही म्हणजे बिल 40 टक्के जास्त, असं वाटतं ना? तसं नाहीये. 60 रुपयांच्या जागी तुम्ही 100 भरताय. म्हणजे दोन-तृतीयांश जास्त!

अर्जासोबत काय लागतं? मालक स्वतः राहतो असं सोसायटीचं पत्र, आणि मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, रेशनकार्ड किंवा गॅसकार्ड असा राहण्याचा पुरावा. पुण्यात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच जपून ठेवा, फोटो काढून ठेवा. आणि घर भाड्याने दिलं असेल तर खोटं लिहू नका. तपासणी होते.

दुसरी गोष्ट. सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं, यातलं एक काही सोसायटीत चालू असेल तर 5 टक्के, दोन असतील तर 10 टक्के सूट असते. प्रकल्प मात्र खरंच चालू हवा.

तिसरी. बिलावरचं क्षेत्रफळ आणि वापर तपासा. करारनाम्याशी जुळतंय का? राहतं घर "बिगरनिवासी" तर लागलेलं नाही ना? आकारणी वाढवल्याची नोटीस आली तर त्यावर हरकतीची मुदत लिहिलेली असते. तेवढ्यात लेखी हरकत द्या. सुनावणी होते. तरीही पटलं नाही, तर कलम 406 खाली न्यायालयात अपील करता येतं, पण फक्त 15 दिवसांत. आधी हरकत घेतलेली हवी आणि कराची रक्कम भरलेली हवी. नुसतं रागावून बिल थकवलं, तर महिन्याला 2 टक्के दंड चढत जातो.

मुंबईकरांनो, तुमचं वेगळं. तिथे 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर 1 जानेवारी 2022 पासून माफ आहे. बाकी शहरांत आपापल्या महापालिकेचे नियम बघा.

आम्ही अर्ज दिला. पुढचं बिल आलं तेव्हा आई चष्मा लावून ते दोनदा वाचत बसली. मग म्हणाली, "एवढी वर्षं कुणी सांगितलंच नाही."

म्हणून मी तुम्हाला सांगतेय. आज घरी गेलात की आई-बाबांकडून बिल मागून घ्या आणि वाचा. भेटूया पुढच्या भागात!