अमूर्त पोलाद आणि कारखान्यातली नजर



जाड पोलादी प्लेट गॅसच्या ज्योतीने कापायची, तुकडे एकमेकांना जोडायचे आणि कोणाचाही चेहरा नसलेले शिल्प उभे करायचे, हा प्रकार आपल्याकडे ‘कळत नाही’ या एका शेऱ्यावर बाजूला सारला जातो. माझे म्हणणे असे की, हे शिल्प पारखायला लागणारे निकष बाहेरून आणायची खानदेशाला गरज नाही. जळगावच्या आणि धुळ्याजवळच्या अवधानच्या एमआयडीसीत, भुसावळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि डाळ मिलची हॉपर बनवणाऱ्या लहानमोठ्या शेडमध्ये ते रोज वापरले जातात. फक्त त्यांना कलेच्या चर्चेत कोणी जागा दिलेली नाही.

खानदेश आणि शिल्पकला म्हटले की पहिले नाव येते राम सुतार यांचे. धुळ्याजवळच्या गोंदूर गावी १९२५ साली जन्मलेल्या या शिल्पकाराने व्यक्तिशिल्प कुठवर नेले, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. केवडियाचा त्यांनी साकारलेला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा २०१८ साली लोकांसाठी खुला झाला आणि आपली मान ताठ झाली. त्याच पुतळ्याकडे आता जरा पोलादाच्या बाजूने पाहू. धोतराच्या चुण्या, शालीची घडी, चेहऱ्यावरच्या रेषा, सगळे ब्राँझच्या आवरणात आहे. ते आवरण वाऱ्यापावसात उभे धरतात आतले काँक्रीटचे गाभे आणि पोलादी सांगाडा. हा सांगाडा पाहणाऱ्याला दिसत नाही, आणि दिसू नये अशीच योजना आहे. यात दोष काही नाही. चेहरा दाखवायचा तर सांगाडा झाकावाच लागतो. प्लेटच्या अमूर्त शिल्पात मात्र कातडी आणि हाड एकच असते. जे वजन पेलते तेच डोळ्यांपुढे असते. म्हणून या शिल्पाला ‘हा कोण?’ असे विचारण्यात हशील नाही. ‘हे कसे उभे आहे?’ हा त्याला विचारण्याचा प्रश्न, आणि तो फॅब्रिकेटरच्या रोजच्या कामातला आहे.

आता ज्योतीचे काम जवळून पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा तिथेच आहे. गॅस कटर पोलाद वितळवतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो ते जाळतो. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनच्या ज्योतीने प्लेटचा एक ठिपका सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत लाल केला जातो. पोलाद वितळायला यापेक्षा कितीतरी जास्त, जवळजवळ १५०० अंश तापमान लागते. ठिपका लाल झाला की कारागीर लिव्हर दाबतो, शुद्ध ऑक्सिजनचा झोत सुटतो, तापलेले लोखंड त्यात पेटते आणि जळालेले लोखंड स्लॅग होऊन खालून उडते. म्हणूनच साधे पोलाद असे कापता येते. स्टेनलेस स्टील किंवा बीड (ओतीव लोखंड) तितक्या सुखासुखी कापता येत नाही. स्टेनलेसमधल्या क्रोमियमचे ऑक्साइड त्या उष्णतेला वितळत नाही आणि झोताची वाट अडवते. सांगायचा मुद्दा असा की, हे काम पदार्थाच्या स्वभावाला धरून चालते. दगडातून किंवा मातीतून हवे ते काढण्याची मुभा शिल्पकाराला असते, तेवढी इथे नसते.

कापून झालेल्या प्लेटची कड पाहा. तिच्यावर वरून खाली बारीक रेषा उमटलेल्या असतात. हात घाईने चालला असेल तर त्या खालच्या बाजूला मागे ओढल्यासारख्या वळतात. हात रेंगाळला असेल तर वरची कड वितळून गोल होते. मध्येच थांबून पुन्हा सुरुवात केली असेल तर तिथे खाच पडते. जाणता कारागीर या रेषांवरून कापणाऱ्याचा वेग, नोझलची अवस्था आणि ऑक्सिजनचा दाब यांचा अंदाज बांधतो. चित्राच्या समीक्षेत आपण कुंचल्याच्या फटकाऱ्याबद्दल पानेच्या पाने लिहितो. या कडेबद्दल मराठीत कोणी दोन ओळी लिहीत नाही. प्लेट वाकते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मोठ्या प्लेटच्या काठाने अरुंद पट्टी कापली की तापलेली बाजू थंड होताना आकसते आणि पट्टीला कापलेल्या अंगाकडे बाक येतो. ट्रॉली बनवणाऱ्याला हा बाक त्रासाचा; तो क्लॅम्प लावतो, कापाचा क्रम बदलतो, हातोड्याने पट्टी सरळ करतो. शिल्पकार तोच बाक ठेवायचे ठरवू शकतो. ज्ञान दोघांचे एकच आहे, निर्णय तेवढा वेगळा.

हे मी ओढूनताणून जुळवत नाही. या कलेचा इतिहासच तसा आहे. पोलादी शिल्पाचा पाया घालणाऱ्यांपैकी हुलिओ गोन्झालेस हा स्पॅनिश कलावंत १९१८ साली पॅरिसजवळच्या रेनोच्या कारखान्यात गॅस वेल्डिंग शिकला आणि पुढे पिकासोची धातूची शिल्पे त्याच्या मदतीने झाली. अमेरिकन शिल्पकार डेव्हिड स्मिथ १९२५ साली स्टुडबेकरच्या मोटार कारखान्यात कामाला होता. दुसऱ्या महायुद्धात त्याने शेनेक्टडीच्या अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीत इंजिने आणि रणगाडे जोडले. याच कंपनीच्या आराखड्यावर बनलेली डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिने पुढे आपल्या रेल्वेवर अनेक दशके धावली. म्हणजे स्मिथची कला ज्या कौशल्यातून आली, ते भुसावळला परके नाही. मुंबईत आदी दावियरवाला आणि पिलू पोचखानावाला यांनी स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत धातू जोडून अमूर्त शिल्पे केली. दावियरवाला शिक्षणाने औषधनिर्माण क्षेत्रातले, शिल्पकला शिकले ना. ग. पानसरे यांच्याकडे. मराठी मुलखात ही वाट पडून अर्धशतक उलटले आहे. ती मुंबईहून तापीकाठी पोचली नाही, इतकेच.

यावर पहिला आक्षेप येतो तो लोकांच्या नावाने. आपल्या लोकांना चेहरा हवा असतो, निराकार त्यांच्या पचनी पडत नाही, असे म्हणतात. ज्या समाजाने न घडवलेल्या दगडाच्या तांदळ्याला शेंदूर लावून पिढ्यानपिढ्या हात जोडले, त्या समाजाबद्दल हे विधान जपून करावे. अर्थात तांदळ्यामागे श्रद्धा आहे आणि शिल्प श्रद्धा मागत नाही, त्यामुळे या उदाहरणाने सगळे सिद्ध होते असे मी म्हणणार नाही. त्याने सिद्ध होते ते एवढेच की, नाक-डोळे नसलेल्या आकारापुढे थांबण्याची सवय आपल्याला आहे. उलट भंगारातून मोर, घोडा किंवा ताजमहाल करण्याची जी लाट आली आहे, ती नजरेला आळशी करते. दिल्लीत २०१९ साली भंगारातून जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभारलेले उद्यान सुरू झाले. त्यातले कष्ट आणि कल्पकता मान्य. पण पाहणारा ‘हा आयफेल टॉवर’ असे ओळखतो आणि पुढे जातो. ओळख पटली की पाहणे संपते. अमूर्त शिल्पात ही सुटका नसते, त्यामुळे डोळ्याला वजन, तोल, पोकळी आणि सांधा यांच्याकडे वळावेच लागते. दहा मिलिमीटर जाडीच्या प्लेटचा एक चौरस मीटर तुकडा साडेअठ्ठ्याहत्तर किलोचा असतो. तो एका टोकावर तोललेला दिसला की वजन उचलण्याची सवय असलेल्या माणसाला आधी त्याच्या पाठीत काहीतरी जाणवते. शिल्पाच्या अर्थाची सुरुवात तिथूनच होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सार्वजनिक जागा लोकांची असते, तिथे शिल्पकाराची मर्जी का चालावी? न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड सेरा यांची ‘टिल्टेड आर्क’ ही १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत १९८१ साली एका सरकारी कार्यालयासमोरच्या चौकात उभी राहिली. तिथल्या कर्मचाऱ्यांनी तक्रार केली की चौक ओलांडता येत नाही. वाद कोर्टात गेला आणि १९८९ साली ती भिंत कापून काढून नेण्यात आली. हा निर्णय मला पटत नाही, पण तक्रार खोटी नव्हती. लोकांच्या वाटेत काय ठेवायचे, हे लोकांशी बोलूनच ठरले पाहिजे. मात्र ही अट अमूर्त शिल्पालाच का? चौक अडवणाऱ्या पुतळ्यांनाही तीच लावा, मग मी ती आनंदाने मान्य करीन.

तिसरा आक्षेप गंजाचा आणि देखभालीचा. इथे खानदेशाची बाजू भक्कम आहे. समुद्राची खारी हवा इथवर येत नाही आणि कोकणाच्या मानाने पाऊस थोडका. जाड प्लेटला वरवरचा गंज मारत नाही. मारते ते साचलेले पाणी. म्हणून तळाशी पाणी निघून जायला वाट ठेवणे, माती आणि पोलाद यांच्यात काँक्रीटचा चौथरा घेणे, उघड्या फटीत वेल्ड पूर्ण भरणे, या गोष्टी रेखाचित्रातच ठरल्या पाहिजेत. गॅसने कापलेल्या कडेवरची ऑक्साइडची साल घासून काढली नाही आणि धारदार कोपरे मोडले नाहीत, तर रंग तिथूनच सुटतो. उन्हाळ्याचाही हिशेब आहे. हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत प्लेटच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक धरला, तर चार मीटर लांबीची प्लेट जवळजवळ अडीच मिलिमीटरने वाढते. बोल्टची भोके लांबट ठेवली नाहीत तर चौथरा तडकेल. यातले काहीही कोणत्याही अनुभवी फॅब्रिकेटरला शिकवावे लागणार नाही.

शेवटचा आक्षेप तरुणांचा: आता संगणकावर चालणारी प्लाझ्मा आणि लेसर कटिंग यंत्रे असताना हाताच्या कटरचे कौतुक कशाला? मी हाताचा भाबडा भक्त नाही. नाजूक जाळी लेसरनेच कापावी आणि स्टेनलेसला प्लाझ्मा वापरावा. पण प्रत्येक हत्यार आपली वेगळी कड मागे ठेवते. कोणती कड हवी, हा शिल्पकाराचा निर्णय आहे. तो यंत्राच्या उपलब्धतेवर किंवा दरपत्रकावर सोडला की शिल्पाचा नमुना होतो. फार जाड प्लेटसाठी आजही गॅसच लागतो, हेही विसरू नये.

या सगळ्याचा निष्कर्ष व्यवहारात उतरायला हवा, म्हणून तीन विनंत्या करतो. कलाशिक्षकांना विनंती की, विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेता तसे एक दिवस फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये न्या आणि कापलेल्या कडेचे रेखाटन करायला लावा. गडद काचेचा गॉगल, हातमोजे आणि सिलिंडरची शिस्त हा त्या धड्याचाच भाग समजा. कारखानदारांना विनंती की, कापून उरलेल्या प्लेटचे तुकडे भंगारवाल्याकडे जाण्याआधी परिसरातल्या शिल्पकारांना दाखवा आणि योग्य भावात द्या. नगरपालिका आणि महापालिकांना विनंती की, चौकात शिल्प बसवताना पाटीवर देणगीदार आणि उद्घाटक यांच्या नावांबरोबर शिल्पकाराचे आणि प्लेट कापणाऱ्या-जोडणाऱ्या कारागिराचे नावही कोरा. खानदेशातले पहिले मोठे अमूर्त पोलादी शिल्प कोणत्या चौकात उभे राहील, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण ते उभे करू शकणारे हात या सभागृहात बसले आहेत. त्यांना काम द्या.