रिकाम्या गाडीत न सापडलेली थरथर

(इंदिरा नगर, लखनौ येथे महाराष्ट्रातून आलेल्या रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. पिकअप गाडीची थरथर हा का युनियनच्या व्यासपीठावरचा विषय? आम्हाला वाटते, आहे. जी थरथर कायम असते ती कोणालाही सापडते. पण जी अधूनमधून येते आणि साहेब शेजारी बसले की गायब होते, तिच्यापायी ड्रायव्हरच खोटा ठरतो. "याला चालवता येत नाही", "खेप टाळायला कारणे सांगतो" हे शेरे आपण सर्वांनीच ऐकले आहेत.

आम्ही मोटारदुरुस्तीतली माणसे. मूळची महाराष्ट्रातली, पोटापाण्यासाठी इथे इंदिरा नगरात स्थिरावलेली. काही महिन्यांपूर्वी पार्सलांची ने-आण करणाऱ्या एका ठेकेदाराचा ड्रायव्हर आमच्याकडे आला. त्याची पिकअप साठच्या पुढे मध्येच थरथरायची, मग आपोआप शांत व्हायची. गाडी त्याआधी दोनदा गॅरेजला जाऊन आली होती. चाकांचे बॅलन्सिंग झाले, पुढचे दोन टायर बदलले. गॅरेजवाल्याने इथल्याच गल्लीबोळांतून रिकामी गाडी फिरवली आणि कागदावर लिहिले, दोष आढळला नाही. मग टायरांचे पैसे ड्रायव्हरच्या पगारातून कापायचे ठरले. कारण काय, तर तो खड्डे पाहून चालवत नाही!

आता हे पाहा. मुन्शीपुलियाच्या बाजारातून, मेट्रोच्या खांबांमधून गाडी तिशी-चाळिशीच्या पुढे जात नाही. जो दोष साठला येतो तो तिथे सापडणार कसा? आम्ही ड्रायव्हरला एवढेच म्हटले, भाऊ, जेवढा माल रोज भरतोस तेवढा भर आणि चल. पॉलिटेक्निक चौकातून कमता, तिथून शहीद पथावर लागलो. मोकळा सरळ रस्ता मिळाला, साठ ओलांडले, आणि सीटखालून भुंग्यासारखी घरघर सुरू झाली. ॲक्सिलरेटर सोडला, थांबली. पुन्हा दाबला, पुन्हा आली.

त्या दोन मिनिटांत अर्धे निदान झाले होते. ते कसे, हे थोडे हिशेबाने सांगतो. अशा गाडीच्या चाकाचा घेर सुमारे 2.1 मीटर धरा. ताशी 60 किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण 8 फेरे घेते. चाकात किंवा टायरात दोष असेल तर हादरेही त्याच चालीचे, जाड, जवळजवळ मोजता येतील असे. पुढच्या चाकाचे स्टिअरिंगवर येतात, मागच्याचे बैठकीखाली. प्रोपेलर शाफ्ट मात्र चाकापेक्षा बराच जोरात फिरतो. डिफरन्शियलचे प्रमाण 4 धरले तर त्याच वेगाला तो सेकंदाला 32 फेरे घेतो. त्याचा दोष मोजता येत नाही, तो बारीक घरघरीसारखा अंगात शिरतो. म्हणजे "गाडी हलते" एवढे सांगून भागत नाही. जाड हलते की बारीक, आणि कुठे हलते, ते सांगावे लागते.

पुढची पायरी म्हणजे थरथर कशाच्या मागे जाते ते बघणे. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, इंजिनाचे फेरे वाढवले की येत असेल तर चाकांना हात लावू नका, इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे ती रबरी बैठक बघा, पंखा बघा. फक्त ब्रेक मारल्यावर येत असेल तर ड्रम किंवा डिस्क. सकाळी निघताना असते आणि चार-पाच किलोमीटरवर जाते, तर रात्रभर एका जागी उभे राहून टायर तळाशी चपटा बसलेला असू शकतो. खड्डा लागल्यावरच स्टिअरिंग थडथडू लागले तर टाय रॉडचे सांधे, किंग पिन, चाकाचे बेअरिंग. तिथे मात्र खेप पुरी करण्याचा हट्ट नको, गाडी बाजूला घ्या. चाकांचे नट तर सगळ्यात आधी तपासायचे. आणि आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात पावसाळ्यात रिमच्या आत काळ्या मातीचा गोळा वाळून बसतो. तो खरवडून काढला की शंभर टक्के बरी झालेली गाडी आम्ही पाहिली आहे, तिला बॅलन्सिंगचे पैसे मोजून झाल्यानंतर!

ह्या पिकअपमध्ये घरघर ओढीखाली, भरल्या गाडीत आणि साठच्या पुढे, अशी तीन गोष्टी जुळल्यावरच यायची. माल भरला की मागचे पाटे बसतात, धुरा चेसिसच्या जवळ येतो, शाफ्टचा कोन बदलतो. त्यात ॲक्सिलरेटर दाबला की डिफरन्शियलचे तोंड वर उचलले जाते, कोन आणखी बदलतो. लांब गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, आणि मध्ये सेंटर बेअरिंगला रबराच्या कडीत टांगलेला असतो. गाडी थंड झाल्यावर मागे-पुढे ओटे लावून, घोडीवर चढवून खाली गेलो (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी जाऊ नये, हे पुन्हा सांगतो). क्रॉस ठीक होते. सेंटर बेअरिंगची रबरी कडी मात्र वरून धड दिसत होती आणि आतून अर्धी फाटलेली होती. रिकाम्या गाडीत, हलक्या पायाने, ती शाफ्टला सांभाळून घ्यायची. भार आणि ओढ आली की सोडून द्यायची. शाफ्ट उतरवण्यापूर्वी आम्ही दोन्ही तुकड्यांवर खडूची खूण केली. स्प्लाइनमध्ये तो एक दात जरी चुकीचा बसला तरी जुनी थरथर जाऊन नवी येते.

रेल्वेतल्या बंधूंना यात नवे काही नाही. ह्याच लखनौत मानकनगरला आर.डी.एस.ओ. आहे, 1957 सालापासून. नवा डबा किंवा वॅगन रुळावर किती वेगाने सोडायचा हे ठरवण्यासाठी ते लोक ऑसिलेशन ट्रायल घेतात. गाडीला मोजमापाची यंत्रे लावून, टप्प्याटप्प्याने वेग वाढवत, रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही तऱ्हांनी चालवून बघतात. यार्डात ढकलून बघून कोणी वेगाचा दाखला देत नाही. आणि लोको पायलटला रुळावर झटका जाणवला तर तो "लाइन खराब आहे" म्हणून सोडून देत नाही. किलोमीटर आणि खांबाचा नंबर सांगतो. त्या नंबरामुळे रेल्वेमार्गवाल्यांना तिथे जाऊन बघावेच लागते. मोटार ड्रायव्हरच्या तक्रारवहीत असा खांबाचा नंबर नसतो, तिथेच तो अडकतो.

म्हणून आम्ही त्या ड्रायव्हरला तक्रार अशी लिहायला सांगितली: "तारीख अमुक, मीटर अमुक. माल पूर्ण. टॉप गिअर, ताशी 60 ते 70. ॲक्सिलरेटर दाबल्यावर सीटखाली बारीक घरघर, सोडल्यावर बंद. ब्रेकने फरक नाही. रिकाम्या गाडीत येत नाही. कृपया माल भरून, याच वेगाला तपासावी." खाली सही, आणि घेणाऱ्याची सही असलेली प्रत स्वतःजवळ. ही तक्रार हातात असताना गल्लीत रिकामी गाडी फिरवून "दोष नाही" लिहिणे अवघड जाते.

कायद्याच्या अंगानेही हे समजून घ्या. मोटार वाहन कायदा, 1988 मधले कलम 190 धोकादायक दोष असलेली गाडी रस्त्यावर चालवणाऱ्याला धरते, तसेच ती चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही धरते. दोष माहीत असणे, किंवा साध्या काळजीने कळण्यासारखा असणे, ही त्यातली कळीची गोष्ट. तोंडी सांगितलेले मालकाला माहीत होते, हे सिद्ध करणार कोण? टपाल खात्यातल्या बंधूंना तर नियम 16 चांगलाच ठाऊक आहे. निष्काळजीपणामुळे नुकसान झाले म्हणून पगारातून वसुली त्याच वाटेने येते. अशा वेळी उत्तरासोबत जोडायला आधीच्या तारखेची, सही घेतलेली तक्रार हवी. घटनेनंतर लिहिलेल्या चार पानांपेक्षा आधी लिहिलेल्या चार ओळींचे वजन जास्त असते, असा आमचा अनुभव आहे.

नवी कडी बसवल्यावर आम्ही गाडी पुन्हा माल भरून त्याच रस्त्याने, त्याच वेगाला नेली. घरघर आली नाही. ते मीटरच्या आकड्यासह वहीत लिहून घेतले. टायरांची कपात ठेकेदाराने मागे घेतली. गाडी गॅरेजात होती त्या दिवसांचा रोज मात्र त्याने अजून दिलेला नाही, त्याचा अर्ज चालू आहे.

ती फाटकी रबरी कडी इथे टेबलावर ठेवली आहे. आधी नुसती डोळ्यांनी बघा, मग दोन्ही अंगठ्यांनी मधोमध दाबा. आणि ज्यांच्या गाडीला अशी काही खोड असेल त्यांनी चहाच्या वेळी विचारावे. मात्र येताना वेग, गिअर आणि माल किती होता, एवढे आठवून या.