डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग



आज ज्या ध्वनिमुद्रिकेबद्दल बोलणार आहे, ती पहिल्यांदा ऐकताच आवडली असं सांगणारा माणूस मला देवगडात अजून भेटलेला नाही. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हे तिचं लांबलचक नाव. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी ती वाजवली, एचएमव्हीनं बाजारात आणली आणि बाजारानं तिच्याकडे पाठ फिरवली. ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, यमन, कलावती, मालकंस असे दहा राग, प्रत्येकाला जेमतेम पाच मिनिटं. गायक नाही, तबला नाही, आलाप तर नाहीच नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच धावता ठेका, मिनिटाला सव्वाशेच्या वर ठोके.

चरणजित सिंगांचं नाव आपल्याला ठाऊक नसलं तरी त्यांचं वाजवणं आपल्या कानांवरून गेलेलं आहे. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ध्वनिमुद्रणांत ते बेस गिटार आणि निरनिराळे कीबोर्ड वाजवत. १९८० साली ‘कुर्बानी’ आला, १९८२ साली ‘डिस्को डान्सर’. सगळीकडे डिस्कोच. मग तोच ठेका घेऊन वर राग का वाजवू नयेत, असं त्यांच्या मनात आलं. हाताशी रोलँड कंपनीची तीन नवीकोरी यंत्रं होती : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ नावाची एक चंदेरी डबी.

या डबीची गोष्ट थोडी सांगितलीच पाहिजे. एकट्यानं गिटारचा सराव करणाऱ्याला सोबत म्हणून बेस गिटार वाजवणारं यंत्र, अशी ती विकायला आली. पण तिचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता. गिऱ्हाईक मिळेना, म्हणून १९८४ मध्ये कंपनीनं ती बनवणं बंदच केलं. आणि ती वाजवत कोण होतं, तर मुंबईतला एक नामांकित बेस गिटारवादक! ज्याची जागा घ्यायला यंत्र बनलं, त्यानंच ते भलत्या कामाला जुंपलं.

आता आमच्या घरची हकीकत. हापूसच्या हंगामात रात्री उशिरापर्यंत पेट्या भरणं चालू असतं, तेव्हा काही ना काही लावलेलं असतं. एका रात्री मी हे लावलं. टीबी-३०३ चा आवाज विहिरीच्या पंपात हवा शिरल्यावर यावा तसा, च्यांव च्यांव करत वर चढणारा. आई आतून म्हणाली, “ह्यां काय लावलंस रे? मोटार बिघाडली काय?” मलाही ते बरं वाटत होतं अशातला भाग नाही. मी राग शोधत होतो. भूपाली म्हटल्यावर कुणीतरी षड्ज लावून बसेल, गंधारावर थांबेल, पंचमाला भेटून परत येईल, या अपेक्षेनं कान टवकारलेले. इथे तर स्वर आले न आले तोच पुढे पळाले. पण हात आंब्यात होते, बदलायला कोण उठणार? म्हणून ते चालू राहिलं. पुढच्या रात्रीही तेच.

माझा कान वळला तो तबल्यामुळे, म्हणजे जो या मुद्रिकेत नाही त्या तबल्यामुळे. स्वतंत्र तबलावादनात पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा धरतात. तीच एक ओळ, आवर्तनामागून आवर्तन. ती ओळ ऐकायला कुणी जात नाही. पण थोड्या वेळानं तीच जमीन होते आणि तिच्यावर काय उभं राहतंय ते दिसू लागतं. टीबी-३०३ मध्ये सोळा घरं असतात, प्रत्येक घरात एक स्वर ठेवायचा, आणि यंत्र ते सोळा पुन्हा पुन्हा म्हणत राहतं. हा लेहराच. फरक एवढाच, की हा लेहरा स्थिर राहत नाही. वादक एक खुंटी हळूहळू फिरवतो, त्यानं आवाजातले वरचे, तीक्ष्ण अंश उघडतात किंवा मिटतात. ओळ तीच, स्वर तेच, पण आवाजाची जात पालटत जाते. मी गायकाची वाट बघणं सोडलं आणि या ओळीमागून चालू लागलो, तेव्हा वर वाजणारा राग आपोआप ऐकू यायला लागला.

आणखी एक सोय या डबीत आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. तिला मींड म्हणायला शास्त्रीबुवा तयार होणार नाहीत. न होवोत. पेटीला मींड येत नाही, तिचे स्वर बांधलेले, म्हणून आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, ती १९७१ मध्ये सैल झाली. त्या काळातही आमच्याकडचे दशावतार आणि भजनं पेटीशिवाय झाली नाहीत. बांधलेल्या स्वरांतून राग काढायची कोकणाला जुनी सवय आहे, आणि गणपतीत बेंजो पार्टीचा ऑक्टोपॅड ऐकणाऱ्यांना यंत्राच्या ठोक्याचं नवल ते काय!

तरीही सगळेच राग यात जमलेत असं मी म्हणणार नाही. तोडीचा गंधार जितका उतरलेला हवा तितका कीबोर्डवर उतरत नाही. त्या उतरण्यातच तोडीचं दुःख असतं, ते इथे नाही. ललत अधिक बरा, कारण दोन मध्यमांची लगट हे यंत्र चांगलं पेलतं. कलावती मात्र अप्रतिम. पाचच स्वर, त्यातला कोमल निषाद वेगात चमकून जातो, आणि राग उतावळा असला तरी कलावतीच राहतो.

पुढचा इतिहास तुम्ही कदाचित वाचला असेल. २००२ साली एदो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत ही तबकडी सापडली, २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली, आणि पाश्चात्त्य जग चक्रावलं. कारण त्याच टीबी-३०३ वर शिकागोतल्या फ्युचर या चमूनं १९८७ साली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढलं होतं, त्यातून अ‍ॅसिड हाउस नावाचा संप्रदाय निघाला. त्याच्या पाच वर्षं आधी मुंबईत असलं काही झालं असेल, हे काहींना पटेना. ही कुणीतरी केलेली बनवाबनवी आहे, असं ते समजले. उतारवयात चरणजित सिंग युरोपात ही मुद्रिका रंगमंचावर वाजवून आले, २०१५ मध्ये मुंबईत वारले. ‘जगात पहिले आम्ही’ या अभिमानात मला फारसा रस नाही. शिकागोच्या पोरांनी हे ऐकलेलं नव्हतं, आणि सिंगांना संप्रदाय काढायचा नव्हता, तबकडी खपवायची होती.

मला अडचणीत टाकलं ते आमच्या भजनी डबलबारीतल्या एका पखवाजियानं. मोठ्या कौतुकानं त्याला कलावती ऐकवला. तो मांडीवर बोटं वाजवत राहिला, मग थांबला नि म्हणाला, “सगळा बरा आसा, पण ह्येची सम खंय आसा?”

प्रश्न बिनतोड आहे. डिस्कोत प्रत्येक मात्रेवर सारखाच ठोका. भरी नाही, खाली नाही. सोळा घरांची ओळ जिथे सुरू होते तिला सम म्हणावं, तर ती इतक्या लवकर येते की तिची वाट बघण्याचं सुखच मिळत नाही. यावर मी त्याच्याशी अजून भांडतोय. तोवर तुम्ही ऐकणार असाल तर कलावतीपासून सुरुवात करा, तोडी शेवटी ठेवा, आणि मोबाइलच्या स्पीकरवर अजिबात लावू नका. त्यात खालची ओळ ऐकूच येत नाही, मग उरतो तो नुसता कीबोर्ड.