द्रवाचे मिश्रण, गणिती प्रतिमान आणि औषधाची किंमत

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने नळ्या, पंप आणि स्तंभ यांविषयी बोलावे याचे आपल्याला नवल वाटेल. त्याचे मूळ माझ्याच एका चुकीत आहे. काही वर्षांपूर्वी एका जैवऔषध प्रकल्पाचा वित्तीय अहवाल तपासण्याचे काम माझ्याकडे आले. प्रयोगशाळेतील लहान उपकरणावर शुद्धीकरणानंतर जेवढा उतारा मिळाला, तेवढाच मोठ्या कारखान्यातही मिळेल, असे त्यात गृहीत धरले होते. मी बेरजा तपासल्या. गृहीतक तपासले नाही. प्रत्यक्षात उतारा घटला आणि प्रत्येक मात्रेचा खर्च वाढला. अभियंत्यांनी त्याचे कारण एका शब्दात सांगितले : मिश्रण.

क्रोमॅटोग्राफी, म्हणजेच वर्णलेखन, ही मुळात वेगळे करण्याची कला आहे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी खडूची पूड भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडला आणि त्यातील रंगद्रव्यांचे वेगवेगळे पट्टे मिळवले. पुढे आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी १९४१ मध्ये या पद्धतीला नवे रूप व सैद्धांतिक बैठक दिली. १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. तत्त्व सोपे आहे. स्तंभातील भरणद्रव्याला जो घटक अधिक चिकटतो तो उशिरा बाहेर येतो, कमी चिकटणारा लवकर येतो. आज इन्सुलिन, प्रतिपिंडे आणि अनेक लशी यांच्या शुद्धीकरणात ही पद्धत अपरिहार्य झाली आहे.

येथे एक विसंगती लक्षात घ्या. स्तंभ वेगळे करतो, तर त्याच्या आधीची व नंतरची उपकरणे पुन्हा मिसळतात. पंप, झडपा, बुडबुडे अडवणारा सापळा, जोडनळ्या आणि मापन-कक्ष या प्रत्येक ठिकाणी द्रवाचा काही भाग पुढे जातो, काही मागे रेंगाळतो. स्तंभातून सुटे होऊन आलेले दोन पट्टे वाटेत एकमेकांत शिरतात. तो मिश्र भाग टाकून द्यावा लागतो, आणि त्याबरोबर मौल्यवान औषधही जाते.

हे मिसळणे मोजायचे कसे? १९५३ मध्ये पीटर डँकवर्ट्‌स यांनी निवासकाल-वितरणाची संकल्पना मांडली. द्रवाचा प्रत्येक कण उपकरणात किती काळ राहिला, याचे वितरण पाहावे, ही ती कल्पना. त्यातून दोन टोकाची प्रतिमाने मिळतात. पहिले आदर्श नळीचे : त्यात सर्व कण रांगेने चालतात, बदल फक्त उशिरा पोहोचतो, त्याची धार कायम राहते. दुसरे पूर्ण ढवळलेल्या टाकीचे : त्यात आत येणारा थेंब लगेच सर्वत्र मिसळतो. अशा टाकीत नवे द्रावण सोडले आणि टाकीच्या आकारमानाएवढा प्रवाह गेला, तरी बाहेर पडणाऱ्या द्रवात नव्याचा वाटा सुमारे ६३ टक्केच असतो. दुप्पट प्रवाहानंतर तो ८६ टक्के आणि तिपटीनंतर ९५ टक्के होतो. खरी उपकरणे या दोहोंच्या मध्ये असतात. म्हणून अभियंते एक नळी आणि एक किंवा अधिक टाक्या मालिकेत जोडून प्रतिमान रचतात. समान टाक्यांची संख्या जितकी वाढवावी, तितके वर्तन आदर्श नळीजवळ जाते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही रचना अपरिचित वाटू नये. रिझर्व्ह बँक रेपो दर एका दिवसात बदलते. पण तो बदल बँकांचे व्याजदर, कर्जाची मागणी आणि गुंतवणूक अशा टप्प्यांतून हळूहळू पाझरतो. धोरणाची तीक्ष्ण पायरी शेवटी सौम्य चढण होते. कालवितरित परिणामांचे आमचे समीकरण आणि मालिकेतील टाक्यांचे समीकरण यांत जवळचे नाते आहे.

आता एक छोटे उदाहरण घेऊ. स्तंभामुळे पट्ट्याच्या पसरणीचे प्रमाण विचलन ३ मिलिलिटर आहे आणि बाहेरील नळ्यांमुळे ४ मिलिलिटर. एकूण किती? उत्तर ७ नाही, ५ आहे. परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या टप्प्यांची प्रचरणे मिळवली जातात, विचलने नव्हेत : ९ आणि १६ मिळून २५, आणि त्याचे वर्गमूळ ५. जो संशोधक नळ्यांचा विचार करत नाही, तो ही सर्व पसरण स्तंभाच्या माथी मारतो. स्तंभाची कार्यक्षमता प्रचरणाच्या व्यस्त प्रमाणात मोजली जात असल्याने त्याला ती खऱ्याच्या केवळ ३६ टक्के भासते.

प्रयोगशाळेतील स्तंभ काही मिलिलिटरचा असतो. तेथे नळ्यांचे आकारमान तुलनेने मोठे ठरते. कारखान्यात स्तंभ अनेक लिटरचा होतो, पण नळ्या आणि सापळे त्याच प्रमाणात वाढत नाहीत. रुंद स्तंभात द्रव सर्वत्र सारखा पसरवणे हा वेगळाच प्रश्न उभा राहतो. म्हणून लहान प्रमाणावरील आकडा नुसता गुणून मोठ्या प्रमाणावर नेता येत नाही. उपाय असा, की आधी स्तंभ काढून ठेवावा, उपकरणातून मीठ किंवा ॲसिटोन यांसारखा माग काढणारा पदार्थ सोडावा, बाहेर येणारा वक्र नोंदवावा आणि त्यावरून नळी व टाकी यांची आकारमाने ठरवावीत. मगच स्तंभाचे स्वतंत्र प्रतिमान करावे.

येथेही सावधगिरी हवी. जेफ्री टेलर यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले, की बारीक नळीतून संथ व स्तरीय प्रवाह वाहताना मध्यभागातील द्रव सरासरीच्या दुप्पट वेगाने धावतो आणि त्यामुळे विरघळलेला पदार्थ पसरतो. विसरण जितके मंद, तितकी ही पसरण अधिक. प्रथिनाचा मोठा रेणू ॲसिटोनपेक्षा कितीतरी मंद विसरतो. तेव्हा ॲसिटोनने केलेली मोजणी जशीच्या तशी प्रथिनाला लावली, तर पसरण कमी धरली जाण्याचा धोका आहे.

आपल्या देशाच्या दृष्टीने या प्रश्नाचे महत्त्व मोठे आहे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने हिपॅटायटिस ‘बी’ची पुनर्संयोजित लस बाजारात आणली, तेव्हा आयात लशीच्या तुलनेत किंमत मोठ्या प्रमाणात खाली आली. २०१२ मध्ये भारतात समरूप जैवऔषधांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आली. नव्या उत्पादनाने मूळ औषधाशी गुणवत्तेत साम्य सिद्ध करावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. २०१७ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय बायोफार्मा मिशनला मंजुरी दिली. अनुदान, कर्ज आणि धोरण यांचे साहाय्य आवश्यक आहेच. परंतु शुद्धीकरणात वाया जाणारा प्रत्येक मिलिग्रॅम शेवटी रुग्णाच्या देयकात उतरतो. प्रतिमान अचूक असेल तर महागड्या चाचण्या कमी लागतात आणि चूक कारखाना उभारण्यापूर्वी कागदावरच सापडते.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी कोणी प्रशासनात जाल, कोणी बँकेत, कोणी नियोजनाच्या कामात. आपल्यासमोर असे अहवाल येतील आणि त्यांतील बेरजा बहुधा बरोबरच असतील. त्या वेळी एक प्रश्न अवश्य विचारा : हा आकडा कोणत्या प्रमाणावर मोजला आहे, आणि मोठ्या प्रमाणावर जाताना वाटेत काय मिसळणार आहे? मी तो वेळेवर विचारला नव्हता.