मी घडविलेली ‘दिल्ली’
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात वर्धा येथे दिलेले व्याख्यान)



‘निवृत्तीनंतरचा माझा छंद’ या विषयावर चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. मी मॅट्रिक झालेला एक प्राथमिक शिक्षक. विद्वत्तेचे बोलणे मजपाशी नाही. तथापि सहा वर्षे खपून एक वस्तू मी हातांनी घडविली आहे व तिने मला काही शिकविले आहे. तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

वस्तू म्हणजे एका युद्धनौकेची प्रतिकृती. हे ऐकताच आपल्यापैकी काहींना हसू येईल. आपल्या जिल्ह्यास समुद्र ठाऊक नाही. वर्धा नदीला पूर आला म्हणजे पुलगावच्या पुलावरून जे पाणी दिसते, तेच आपल्या मुलांना मोठ्यात मोठे पाणी. मग युद्धनौकेचे वेड मला कोठून लागले? याचे उत्तर माझे थोरले मामा हे होय. शेतकऱ्याच्या घरातला हा मुलगा एकोणिसाव्या वर्षी नौदलात भरती झाला आणि खलाशी म्हणून ‘दिल्ली’ नावाच्या जहाजावर गेला. सुट्टीत ते गावी येत, तेव्हा आम्ही भाचे त्यांच्याभोवती कोंडाळे करून लढायांच्या गोष्टी मागत असू. ते हसून म्हणत, “लढाई कोठली रे! आम्ही तर गंज खरवडतो अन् रंग देतो.” आमची फार निराशा होई.

या जहाजाची हकीकत थोडक्यात सांगतो. ते १ सप्टेंबर १९३२ रोजी इंग्लंडात पाण्यात उतरले. तेव्हा त्याचे नाव ‘अकिलीस’ होते. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापाशी, प्लेट नदीच्या मुखाजवळ, त्याने आणखी दोन जहाजांच्या साथीने ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेशी झुंज दिली. ५ जुलै १९४८ रोजी ते आपल्या नौदलात दाखल झाले आणि त्याचे नाव ‘दिल्ली’ ठेवण्यात आले. १९५० साली पंडित नेहरू याच जहाजातून इंडोनेशियास गेले. १९५६ साली प्लेट नदीच्या लढाईवर इंग्रजी चित्रपट निघाला, त्यात आपल्या ‘दिल्ली’ने स्वतःचेच, म्हणजे ‘अकिलीस’चे, काम केले. १९६१च्या डिसेंबरात दीवच्या मोहिमेत ते होते आणि त्या वेळी माझे मामाही त्यावर होते. १९७८ साली ते सेवेतून निवृत्त झाले व पुढे मोडीत निघाले. त्याचा तोफांचा एक बुरूज न्यूझीलंडला भेट देण्यात आला. तो ऑकलंडच्या नौदल तळापाशी ठेवलेला आहे. बाकी बहुतेक लोखंड वितळून गेले.

निवृत्तीनंतर माझ्या पुतण्याने मला प्रतिकृतीचा एक तयार संच आणून दिला. तो जपानच्या ‘यामातो’ या अजस्र बॅटलशिपचा होता. मूळ जहाज २६३ मीटर लांब होते. संच साडेतीनशे पटींनी लहान, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटरचा. बॅटलशिप म्हणजे सर्वांत जाड चिलखताची आणि सर्वांत मोठ्या तोफांची नौका. शेकडो तुकडे चौकटीतून कापावे, कडा घासाव्या, सांधे चिकटवावे, हे सारे मी या संचावर शिकलो. तो पुरा करून मामांना दाखविला. ऐंशी उलटलेले मामा आमच्याच गावी राहत असत. त्यांनी तो न्याहाळला व विचारले, “हे जपान्याचं झालं. आपलं कुठं हाय?”

आपल्या नौदलात बॅटलशिप कधीच नव्हती. आपल्याकडे मोठ्या तोफांची जहाजे म्हणजे ‘दिल्ली’ आणि ‘म्हैसूर’ या दोन क्रूझर. मला हव्या त्या मापाचा ‘दिल्ली’चा संच काही मिळाला नाही. म्हणून ती लाकडातून घडवावी असे मी ठरविले.

प्रमाण धरले दोनशेस एक. मूळ जहाज १६९ मीटरचे, म्हणून प्रतिकृती साडेचौऱ्याऐंशी सेंटिमीटरची. पाच फूट सात इंचांचा खलाशी या प्रमाणात साडेआठ मिलिमीटरचा होतो. ज्वारीचे दोन दाणे एकावर एक ठेवावेत, एवढाच तो. धडासाठी शिवणीचे लाकूड घेतले, कारण ते हलके असून पटाशीला सोसते. नकाशावरून आडव्या फळ्या कापून एकावर एक चिकटविल्या, मग रंधा, कानस व पॉलिशपेपर यांनी घासत घासत गोलाई आणली. फटींत लांबी भरली. तोफांच्या नळ्यांसाठी पितळी रिफिली घेतल्या, नांगराच्या साखळीसाठी सौभाग्यवतीची एक जुनी खोटी साखळी आणि कठड्यासाठी विजेच्या जुन्या वायरीतील तांब्याचे धागे. चित्रपट मी मोबाईलवर थांबवून थांबवून पाहिला आणि शिडी कोठे, होडी कोठे, हे वहीत टिपले.

पहिली चूक मामांनीच पकडली. तोपर्यंत त्यांची दृष्टी मंदावली होती. त्यांनी डेकवरून बोट फिरविले आणि बुरूज मोजले. पुढे दोन, मागे दोन. “मागं दोन नव्हते, बापू. एकच होता.” मी नकाशा काढून दाखविला, त्यात तर चार स्पष्ट होते. मामा म्हणाले, “कागदावर असतील. मी त्या जागेवर झाडू मारला हाय.” पुढे शोध केला तेव्हा खुलासा झाला. माझा नकाशा १९३९चा होता. जानेवारी १९४३ मध्ये ग्वादलकनाल बेटापाशी मागच्या दोहोंपैकी वरच्या बुरुजावर बॉम्ब पडला, आणि पुढील दुरुस्तीत तो बुरूज काढून तेथे विमानविरोधी लहान तोफा बसविल्या. भारतास मिळालेल्या जहाजावर आठ नव्हे, सहाच मोठ्या तोफा होत्या. मी निमूटपणे बुरूज उपटला.

आता रंगाविषयी. जहाजाचा राखी रंग हुबेहूब जुळविला, तरी लहान प्रतिकृतीवर तो अधिक काळपट भासतो. खरे जहाज आपण दुरून पाहतो आणि मधली हवा त्याचा रंग फिकट करते. म्हणून मूळ रंगात थोडा पांढरा मिसळावा लागतो. जलरेषेखाली तांबडा, जलरेषेवर काळा पट्टा, त्यावर राखी, असे तीन महिने पातळ हात देत गेलो. जहाज चकाकू लागले. मोठ्या अभिमानाने ते मामांपुढे ठेवले.

मामांनी ते डोळ्यांजवळ धरले. म्हणाले, “छान हाय. पण हे माह्यं जहाज नव्हे. हे कॅलेंडरातलं हाय.”

मला वाईट वाटले, परंतु म्हणणे पटले. समुद्रात उभ्या असलेल्या जहाजावर ऊन, मीठ, धूर आणि पाऊस यांच्या खुणा उमटतातच. या खुणा प्रतिकृतीवर उमटविणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. मी उत्साहाने ती आरंभिली. टर्पेंटाइनमध्ये तपकिरी तैलरंग पातळ करून सर्वांगावर ओघळ सोडले. पण खालचा राखी रंगही तैलरंगच होता आणि तो पुरता सुकला नव्हता. टर्पेंटाइनने तोही उठविला. जागोजाग चट्टे पडले. ते झाकण्यासाठी मी आणखी गंज चढविला. शेवटी जहाज असे दिसू लागले, की जणू वीस वर्षे कोणी त्याकडे फिरकलेच नाही. मनात म्हटले, आता तरी मामांना जुने दिवस आठवतील.

मामा खरोखरच रागावले. जन्मात ते मजवर असे रागावले नव्हते. म्हणाले, “एवढा गंज कप्तानानं राहू देला असता काय? आम्ही चारशे-पाचशे माणसं काय झोपली होती तिथं?” आणि जहाज बाजूला सारून ते भिंतीकडे तोंड करून निजले.

मित्रहो, त्या रात्री मला झोप आली नाही. लहानपणी मामा म्हणत, “आम्ही गंज खरवडतो अन् रंग देतो,” आणि आम्हांस ते कंटाळवाणे वाटे. त्या वाक्यात त्या माणसाचे पंधरा वर्षांचे श्रम होते. मी जहाजावर गंज माखला, म्हणजे ते श्रम झालेच नाहीत असे म्हटले.

दुसऱ्या दिवशी सर्व रंग घासून काढला आणि पुन्हा आरंभ केला. या खेपेस खाली पाण्यात विरघळणारा ॲक्रिलिक रंग दिला व त्यावर बिनचकाकीचे वार्निश चढविले, म्हणजे टर्पेंटाइन खालच्या रंगास धक्का लावीत नाही. मग प्रत्येक डागास एक प्रश्न विचारला : तू येथे का आलास? नांगराची साखळी ज्या भोकातून खाली उतरते, तेथे रंग टिकत नाही, म्हणून तेथे गंजाची रेघ. डेकवरचे पाणी ज्या छिद्रांतून बाहेर पडते, त्यांच्याखाली मळकट ओघळ, आणि तो नेहमी वरून खाली, खालच्या टोकाला विरत जाणारा. धुराड्याच्या वरच्या कडेला काजळी. जलरेषेपाशी मिठाचा पांढुरका पट्टा. तो मी फळ्यावरच्या खडूची पूड कोरड्या कुंचल्याने लावून केला. चाळीस वर्षे जो खडू अंगावर उडाला, तो शेवटी असा कामी आला! आणि मुख्य म्हणजे काही ठिकाणी नव्या रंगाचे चौकोन दाखविले. आजूबाजूच्या उन्हाने विटलेल्या राखीत ते किंचित गडद दिसतात. ते मामांच्या हातचे ठिगळ.

येथे एका आक्षेपाचे उत्तर देणे प्राप्त आहे. आमच्या एका स्नेह्याने विचारले, “गुरुजी, सेवाग्रामच्या जिल्ह्यात राहून आपण युद्धनौका घडविता?” प्रश्न टाळण्यासारखा नाही. प्लेट नदीच्या लढाईत याच जहाजावरील चार माणसे मेली. ‘यामातो’ ७ एप्रिल १९४५ रोजी बुडाली, तेव्हा सुमारे तीन हजार माणसे तिच्याबरोबर गेली. मुले प्रतिकृती पाहावयास येतात, तेव्हा मी हे आकडे आधी सांगतो. परंतु याच वर्धा शहरात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने जी योजना आखली, तिचा गाभा काय होता? हाताच्या कामातून शिक्षण. मी आयुष्यभर शाळेत मुलांना पाठांतर करविले आणि नई तालीमवर निबंधही लिहविले. तिचा अर्थ मात्र मला निवृत्तीनंतर, एका खलाशाने रागावल्यावर कळला. हात खोटे बोलला तर वस्तू ताबडतोब सांगते. निबंध तसे सांगत नाही.

तिसऱ्या खेपेचे काम दिवाळीत पुरे झाले. मामांच्या सांगण्यावरून जहाजाच्या बाजूला दोरांनी एक फळी टांगली आणि तीवर साडेआठ मिलिमीटरची दोन माणसे बसविली. दोघांच्या हातांत कुंचले दिले. मामांनी भिंग घेऊन बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, “डावीकडचा मी. पण माह्या हातात कुंचला नव्हता, हातोडी होती. आधी ठोकून गंज काढा लागते. रंग मागून.” साडेआठ मिलिमीटरच्या माणसाच्या हातातली हातोडी कोणाच्या दृष्टीस पडणार? तरीही मी ती केली. टाचणीचे टोक कापून केली. मामांनी ती पुन्हा भिंगाने पाहिली आणि जहाज स्वतःच्या हातांनी फडताळात ठेवले. पुढल्या चैत्रात ते गेले.

मंडळींनो, आपल्या समाजात पाटी-पूजन होते, पदवीधरांचा सत्कार होतो, आणि तो व्हावाच. आजही गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके दिली गेली. परंतु ज्यांनी वस्तू राखल्या, विहिरीचा रहाट, गिरणीचे यंत्र, रेल्वेचा रूळ, शाळेचे छप्पर वर्षानुवर्षे धड ठेवले, अशी माणसे आपल्या प्रत्येक घरात आहेत. त्यांचे काम दिसत नाही, कारण ते नीट झालेले असते. बिघडते तेव्हाच ते दिसते. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना एकदा विचारा, की तुम्ही आयुष्यभर नेमके काय केले? आणि ते “काही नाही, आपलं रोजचंच” म्हणाले, तर तेथे थांबू नका. मी मामांना हा प्रश्न विचारावयास पन्नास वर्षे लावली.

शेवटी एक निवेदन. ही प्रतिकृती मी मंडळाच्या वाचनालयास अर्पण करीत आहे. काचेची पेटी मीच करून देईन. अट एकच : दर महिन्यास वाचनालयात येणाऱ्या मुलांपैकी कोणीतरी मऊ कुंचल्याने तिच्यावरची धूळ झाडावी, आणि झाडणाऱ्याने वहीत आपले नाव लिहावे. डाव्या फळीवरच्या माणसास जपावे. त्याची हातोडी फार बारीक आहे.